कथेतला ‘मी’ कोण?

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त इरुंगाट्टुकोट्टै, चेन्नई येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



जळगाव जिल्ह्यातील एका मराठी शाळेचा मेळावा चेन्नईजवळच्या औद्योगिक वसाहतीत भरेल, असे साठ वर्षांपूर्वी शाळेची पहिली घंटा वाजवणाऱ्यांना स्वप्नातही वाटले नसेल. येथे मोटारींचे आणि त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने आले, कारखान्यांमागून आपली मुले आली, आणि आज त्यांची मुले समोरच्या रांगेत बसून एकमेकांशी तमिळमध्ये कुजबुजत आहेत. मराठीला ही भूमी परकी नाही. तंजावरच्या भोसले राजांनी याच तमिळ देशात मराठी नाटके लिहिली आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते जपली गेली. तेव्हा येथे मराठी पुस्तकांविषयी बोलण्यात मला संकोच वाटत नाही.

मी तीस वर्षे मराठी शिकवते आहे. या तीस वर्षांत एक प्रश्न मला प्रत्येक तुकडीने विचारला. ‘श्यामची आई’मधला उतारा संपला की कोणीतरी हात वर करते आणि विचारते, “बाई, श्याम म्हणजे साने गुरुजीच ना?” आज आपल्यासमोर मी या प्रश्नाचाच विचार मांडणार आहे. लेखक स्वतःच्या कथेत निवेदक होऊन येतो का? आला, तर तो किती येतो? वरवर पाहता हा परीक्षेतल्या दोन गुणांचा प्रश्न वाटेल. परंतु मुलांना वाचायला आणि लिहायला शिकवणाऱ्या घराचा आणि शाळेचा या प्रश्नाशी फार जवळचा संबंध आहे, तो मी शेवटी सांगेन.

प्रथम तीन माणसे वेगळी करू. पुस्तकावर ज्याचे नाव असते तो लेखक. आपल्याला गोष्ट सांगतो तो निवेदक. ज्याच्यावर गोष्ट घडते तो नायक. कधी हे तिघे तीन असतात, कधी दोघे एक होतात, आणि कधी तिघांचे कपडे इतके सारखे असतात की वाचक फसतो. आपण सर्वांनी हा भेद शाळेत न कळत हाताळला आहे. ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ किंवा ‘नदीचे मनोगत’ हा निबंध ज्याने लिहिला नाही असा मराठी शाळेचा विद्यार्थी शोधून सापडणार नाही. त्या निबंधात ‘मी’ हा शब्द पहिल्या ओळीपासून असतो. पण दहावीतला मुलगा नदी नसतो, आणि हे तपासनिसाला सांगावे लागत नाही. ‘मी’ म्हणणारा आणि लिहिणारा निराळे असू शकतात, ही साहित्यातली एक मोठी गोष्ट आपण चौदाव्या वर्षी सहज पचवलेली असते. मोठेपणी मात्र आपण ती विसरतो.

आपल्या परंपरेने हा भेद फार पूर्वी ओळखला होता. महाभारताचे कर्ते म्हणून आपण व्यासांचे नाव घेतो. व्यास त्या कथेत वावरतात. धृतराष्ट्र, पंडू आणि विदुर यांचा जन्मच त्यांच्यापासून झालेला आहे, आणि संकटाच्या वेळी ते कुरुकुळात येऊन चार शब्द सांगूनही जातात. तरीही ती कथा व्यास आपल्याला सांगत नाहीत. जनमेजयाच्या सर्पसत्रात व्यासांच्या समक्ष ती वैशंपायन सांगतात आणि पुढे नैमिषारण्यात सौती ती शौनकादी ऋषींना ऐकवतो. कर्ता सभेत बसलेला आहे आणि त्याची कथा त्याचा शिष्य सांगतो आहे, अशी ही रचना आहे. रामायणात वाल्मीकी सीतेला आश्रय देतात, म्हणजे कथेतले पात्र होतात. पण रामासमोर ते काव्य गातात लव आणि कुश. स्वतः लिहिलेली कथा दुसऱ्याच्या मुखी देण्याची ही रीत आपल्याकडे नवी नाही.

आता आधुनिक मराठीकडे येऊ. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. ती यमू नावाच्या मुलीच्या आत्मवृत्ताच्या रूपात आहे. तिचे बालपण, सासर, वैधव्य आणि केशवपनाचा तो भीषण प्रसंग, हे सारे ती स्वतःच्या तोंडाने सांगते. लेखन सुरू झाले तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. ‘मी’ म्हणजे लेखकच, हा नियम लावायचा ठरवला तर ही कादंबरी पहिल्याच पानावर खोटी ठरेल. प्रत्यक्षात ती आपल्या भाषेतल्या अत्यंत खऱ्या पुस्तकांपैकी एक आहे. हरिभाऊंनी सुधारकाच्या व्यासपीठावरून ‘त्या’ स्त्रीविषयी लिहिले असते तर वाचक सहानुभूतीने मान हलवून पान उलटू शकला असता. यमू ‘मी’ म्हणते तेव्हा वाचकाला दूर बसता येत नाही. ज्यांना बोलू दिले जात नव्हते त्यांच्यासाठी लेखकाने आपला ‘मी’ रिकामा करून दिला होता.

आता आपल्या मुलांच्या प्रश्नाकडे वळू. साने गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, यांचा जन्म १८९९ साली कोकणात पालगड येथे झाला. पण त्यांना ‘गुरुजी’ केले ते आपल्या खानदेशाने. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालयातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीत ते तुरुंगात गेले आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. आई जाऊन तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. पुस्तकातली आई त्यांचीच आई आहे, कोकणातले ते दारिद्र्य त्यांच्याच घरचे आहे. मग मुलांना ‘होय, श्याम म्हणजे गुरुजीच’ असे सांगून मोकळे का होऊ नये?

कारण पुस्तक पुन्हा उघडून पाहिले की एक बारकावा दिसतो. तेथे गुरुजी थेट ‘मी’ म्हणत नाहीत. एक आश्रम आहे, सायंकाळची प्रार्थना आहे, श्याम आहे आणि त्याच्याभोवती बसलेले राम, गोविंदा असे सोबती आहेत. त्यांच्या आग्रहावरून श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री हा क्रम चालतो. आश्रमाचे वर्णन करणारा एक तिसराच आवाज आहे आणि तो श्यामकडे बाहेरून पाहतो. म्हणजे मुलगा श्याम, मोठा झालेला श्याम आणि त्या मोठ्या श्यामला ऐकणारा कोणी, असे तीन पदर आहेत. आत्मचरित्र लिहायला यांतला एकही पदर आवश्यक नव्हता. गुरुजींनी ते घातले, कारण त्यांना स्वतःची हकीकत नोंदवायची नव्हती. रात्री दिव्याभोवती बसून आई आठवावी, अशी एक जागा तयार करायची होती. पांडुरंग साने यांची आई एकाच कुटुंबाची होती. श्यामची आई मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुलाला आपली म्हणता येते. म्हणून मी वर्गात उत्तर देते की, श्यामच्या आयुष्यातले पुष्कळसे गुरुजींचे आहे, पण श्याम गुरुजींनी घडवलेला आहे. मुलांना हे उत्तर थोडे अवघड जाते, पण ती ते लक्षात ठेवतात.

त्यानंतर तीस वर्षांनी, १९६३ साली, आपल्याच जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातील सांगवीच्या एका तरुणाने ‘कोसला’ लिहिली. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. त्यांचा निवेदक पांडुरंग सांगवीकर हाही पंचवीस वर्षांचाच आहे. गाव आडनावात आले, वय जुळले, पुण्याचे महाविद्यालय आणि वसतिगृह जुळले. मग पांडुरंग म्हणजे नेमाडेच, असे कितीतरी वाचकांनी धरून चालावे यात नवल नाही. परंतु पांडुरंग पुण्याहून हात हलवत गावी परततो. नेमाड्यांनी शिक्षण पूर्ण केले, पुढे अनेक वर्षे अध्यापन केले आणि ज्ञानपीठ पुरस्कारापर्यंतचा लेखनाचा प्रवास केला. जो हरला त्याची कथा, न हरलेल्या माणसाने, हरलेल्याच्या तोंडून सांगितली. त्या हरण्यात त्यांच्या पिढीचे पुष्कळ काही होते आणि ते सांगण्यासाठी त्यांना स्वतःहून वेगळा ‘मी’ हवा होता. येथे एक गमतीचा योगायोगही आहे. पांडुरंग नावाच्या लेखकाने आपल्या निवेदकाला श्याम म्हटले, आणि भालचंद्र नावाच्या लेखकाने आपल्या निवेदकाला पांडुरंग म्हटले. दोघांनाही आपल्या नावापासून एक पाऊल दूर उभे राहावेसे वाटले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण दया पवारांचे आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेले ‘बलुतं’ हे तर आत्मकथनच. तेथे दुसऱ्या नावाची गरज काय होती? तरीही त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दगडू मारुती पवार हे लेखकाचेच मूळ नाव. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. एक गावकुसाबाहेर वाढलेला, दुसरा शिकून शहरात नोकरी करणारा आणि लेखक झालेला. पहिला बोलतो, दुसरा ऐकतो. शंभर टक्के स्वतःचे असलेले दुःखसुद्धा सांगताना माणसाला आपल्यापासून थोडे बाजूला व्हावे लागते, हे या रचनेतून जितके कळते तितके एखाद्या समीक्षाग्रंथातून कळणार नाही.

आपण तमिळनाडूत बसलो आहोत, म्हणून या भूमीशी निगडित अशी दोन उदाहरणे देते. आर. के. नारायण यांचा जन्म याच मद्रास शहरातला. १९३९ साली त्यांची पत्नी विषमज्वराने गेली. १९४५ मध्ये त्यांची ‘द इंग्लिश टीचर’ ही कादंबरी आली. तीत मालगुडीचा कृष्णन नावाचा शिक्षक आपल्या पत्नीच्या विषमज्वराची आणि मृत्यूची कथा ‘मी’ म्हणून सांगतो. हे आपलेच दुःख आहे, हे नारायण यांनी पुढे आत्मचरित्रात लपवले नाही. म्हणजे येथे नाव कल्पित, गाव कल्पित, दुःख मात्र जसेच्या तसे.

दुसरे उदाहरण सॉमरसेट मॉम या इंग्रज लेखकाचे. १९३८ साली ते येथून काही तासांच्या अंतरावर असलेल्या तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या दर्शनाला आले होते. १९४४ साली त्यांनी ‘द रेझर्स एज’ ही कादंबरी लिहिली. तीत निवेदकाचे नाव मॉम हेच आहे. तो लेखकही आहे आणि कथेतल्या पात्रांशी त्याचा स्नेह आहे. कथेतला तरुण भारतात एका साधुपुरुषाला भेटतो. त्या साधूत महर्षींची छाया आहे, पण नाव वेगळे आणि आश्रमाचा प्रांतही वेगळा. येथे लेखकाने स्वतःचे खरे नाव वापरले आणि त्या नावाच्या आधाराने कल्पित कथा खरी भासवली. नारायण आणि मॉम यांना शेजारी ठेवा. ज्याने नाव बदलले त्याने स्वतःचे हृदय पुस्तकात ठेवले. ज्याने नाव दिले त्याने नावाचा पडदा केला. मग पुस्तकावरचे आणि पुस्तकातले नाव जुळते की नाही, एवढेच पाहून वाचकाच्या हाती काय लागणार?

माझे म्हणणे एवढेच आहे. लेखक आपल्या कथेत येतो का, याचे उत्तर ‘येतो’ असेच द्यावे लागेल. पण तो आपण शोधतो त्या ठिकाणी क्वचित येतो. हरिभाऊ यमूच्या नावात किंवा जन्मात नाहीत, तिच्यासाठी त्यांच्या मनात उठलेल्या संतापात आहेत. गुरुजी श्यामच्या वयात जितके आहेत त्यापेक्षा त्या आश्रमातल्या शांततेत अधिक आहेत. ‘हे त्याच्यावरच घडले का?’ हा चौकशीचा प्रश्न आहे. ‘हे सांगायला त्याने हाच आवाज का निवडला?’ हा वाचकाचा प्रश्न आहे.

आता हा भेद शाळेत किती महत्त्वाचा ठरतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेच्या हस्तलिखितात नववीतल्या एका मुलीने ‘मी’ वापरून एक कथा लिहिली. कथेतल्या मुलीची आई मजुरीला जाते, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नसते, म्हणून वडील मुलीचे दप्तर माळ्यावर टाकतात आणि तिची शाळा संपते. स्नेहसंमेलनात हस्तलिखित मांडले गेले, गावातल्या लोकांनी ते चाळले, आणि दुसऱ्या आठवड्यात मुलीचे वडील शाळेत आले. ते रोज सहा किलोमीटर सायकल हाकत मुलीला शाळेत आणून सोडणारे गृहस्थ. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, “बाई, लोक मला विचारतात, पोरीची शाळा बंद करतोस का? मी असं काय केलं?” त्यांची मागणी एवढीच होती की ते पान हस्तलिखितातून काढावे.

मी मुलीला बोलावले. वडिलांसमोर कथा पुन्हा वाचून घेतली आणि तिला फक्त इतकेच विचारले की, ‘ती’ न लिहिता ‘मी’ का लिहिलेस? ती म्हणाली, “‘ती’ लिहिलं की ती लांबची वाटत होती.” वडिलांनी विचारले, “ती कोण?” तेव्हा तिने आठवीत शेजारच्या बाकावर बसणाऱ्या आणि दिवाळीनंतर शाळेत न आलेल्या मैत्रिणीचे नाव घेतले. गावाने कथा वाचली होती, सगळ्यांनी ती खरी मानली होती, आणि सगळ्यांनी चुकीच्या घराकडे बोट दाखवले होते. ज्या घरात ती घडत होती तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. त्यानंतर वर्गशिक्षिका आणि मी त्या मैत्रिणीच्या घरी गेलो. एका भेटीत काही झाले नाही. दोन वर्षांनी मात्र तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली. कथेचे पान हस्तलिखितात तसेच राहिले. ते काढू नका, असे सांगायला ते सायकलवाले वडीलच पुन्हा आले होते.

पालकहो, यात दोन गोष्टी आहेत आणि त्या दोन्ही सांभाळाव्या लागतात. पहिली ही की, मुलाने ‘मी’ लिहिले म्हणून त्याला उलटतपासणीला उभे करू नये. ‘आपल्या घरी असं कधी झालं? लोक काय म्हणतील?’ हे दोन प्रश्न ऐकलेले मूल पुढच्या वेळी ‘माझा आवडता पक्षी: मोर’ लिहिते, आणि मग आयुष्यभर मोरच लिहिते. दुसरी गोष्ट ही की, ‘गोष्टच तर आहे’ म्हणून वही मिटूनही टाकू नये. कधी मूल स्वतःचे दुःख ‘माझी एक मैत्रीण’ म्हणून लिहिते आणि मैत्रिणीचे दुःख ‘मी’ म्हणून लिहिते. कोणाचे काय आहे हे आरोप न करता, घाई न करता, जवळ बसून समजून घ्यावे लागते. साहित्य वाचण्याची सवय असलेल्या मोठ्या माणसाला हे जमते, कारण ‘मी’ या शब्दामागे किती माणसे उभी असू शकतात हे त्याने यमूपासून दगडूपर्यंत पाहिलेले असते.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा असे आम्ही कळवले, तेव्हा अनेकांनी उत्तर दिले की, “बाई, आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखे काय आहे?” तुमच्या आयुष्यात तीन पाळ्यांची नोकरी आहे, नव्या भाषेत भाजी मागायला शिकणे आहे, गावाकडच्या आईशी रात्री उशिरा होणारे बोलणे आहे. ‘मी’ म्हणून लिहायचा संकोच वाटत असेल तर श्याम घ्या, यमू घ्या, कोणतेही नाव घ्या. आणि समोर बसलेल्या बालमित्रांनो, तुम्ही शाळेत तमिळ आणि इंग्रजीत लिहिता, ते चांगलेच आहे. पण महिन्यातून एकदा आजीला मराठीत एक पान लिहून पाठवा. त्यात इरुंगाट्टुकोट्टैच्या रस्त्याचे आत्मवृत्त लिहा, नाहीतर बाबांच्या डब्याचे मनोगत लिहा. आजीला त्यात तुम्ही कुठे आहात ते बरोबर सापडेल.